पंडिता रमाबाई : सोसण्यापासून आनंदापर्यंत

महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या आणि वाढलेल्या मराठी व्यक्तींचे स्मरण करू लागलो की पंडिता रमाबाईंचे नाव आम्हांस प्रथम आठवते. २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात त्या जन्मल्या. त्यांचे बालपण तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर गेले, कीर्ती त्यांना बंगालने दिली आणि संसार आसामात झाला. समाजसुधारणेच्या इतिहासातील त्यांचे स्थान सर्वविदित आहे. आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते एवढेच, की ज्यांच्या वाट्यास एकामागून एक वियोग आले, त्या या स्त्रीला अखेरपर्यंत पुरेल असा आनंद कोठून लाभला.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. त्याच मातेकडून रमाबाई संस्कृत शिकल्या. पुराणे सांगत, गावोगाव फिरत हे कुटुंब चरितार्थ चालवी. १८७० च्या दशकातील दुष्काळात पुराणे ऐकणारे उरले नाहीत आणि दक्षिणाही उरली नाही. थोड्याच अवधीत वडील गेले, आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास व रमा, अर्धपोटी पायपीट करीत देशभर हिंडली आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांतच भाऊ निवर्तला. सिल्चरचे वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो संसारही दोन वर्षे पुरा टिकला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीस नेले. रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्याही नव्हत्या आणि कडेवर मनोरमा तान्ही होती.

इथवर जे होते ते केवळ सोसणे होते. ख्रिस्ताची पहिली ओळख त्यांना सिल्चरला, पतीच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या लूककृत शुभवर्तमानाच्या बंगाली प्रतीतून झाली होती. १८८२ मध्ये पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि पुढील वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी त्यांनी पाहिल्या. विहिरीवर पाण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्त बोलला, तिला हीन लेखले नाही, ही कथा त्यांनी त्याच सुमारास वाचली. काशीत वाढलेले मराठी पंडित नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या शंका फेडल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

परंतु आम्हांस विशेष वाटते ते पुढेच. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना आनंद मिळाला नाही. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे आत्मनिवेदनात प्रांजळपणे नमूद केले. वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकी शिकण्याचा बेत सोडावा लागला. अमेरिकेत फिरून त्यांनी साहाय्य मिळविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. काम वाढत होते, तरी मन रितेच होते. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे उपदेश करूनही हे गृहस्थ स्वतः कोरडेच राहिले होते. त्यात रमाबाईंना आपली स्थिती दिसली. १८९१ च्या सुमारास, देवाची कृपा आपल्या पुण्याईने मिळवावयाची नसून नुसती स्वीकारावयाची आहे, हे त्यांस उमगले. बाप्तिस्म्यापासून आठ वर्षे लोटली होती.

या आनंदाची कसोटी लागण्यास विलंब झाला नाही. मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा आक्षेप घेऊन १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या घरात मुली विश्वासाने ठेविल्या, तेथे त्यांचा धर्म बदलावा हे पालकांस रुचले नाही, यात अस्वाभाविक काही नव्हते. रमाबाईंचे म्हणणे असे की, आम्ही कोणास बोलावीत नाही, पण आपली प्रार्थना लपवूनही करणार नाही. मतभेद मिटला नाही. रमाबाई मात्र कटू झाल्या नाहीत आणि कामही थांबले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या तरुणपणीची उपासमार ज्यांना ठाऊक होती, त्यांस घरी बसवले नाही. त्या तेथे जाऊन शेकडो निराधार मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावास ‘मुक्ती’ उभे राहिले आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई, अंध मुलींचे शिक्षण, असे सर्व तेथे चाले. जे दुःख एकेकाळी मुकाट सोसले, तेच आता इतरांस ओळखण्याची दृष्टी झाले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबल मराठीत आणले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द केडगावच्या अल्पशिक्षित बायकांस कळत नसत. ज्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरविले गेले, त्या पंडितेने संस्कृताचा साज उतरवून घरगुती मराठी निवडली. खिळे जुळविले ते तेथील स्त्रियांनीच. ख्रिस्ताच्या एकेका वचनास सोपा शब्द शोधणे, हेच त्यांचे चिंतन झाले. जुलै १९२१ मध्ये चाळीस वर्षांची मनोरमा, त्यांची एकुलती एक कन्या व कामातील उजवा हात, निवर्तली. तरीही भाषांतर अपुरे राहिले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेविला. समग्र ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुक्तीचे कार्य आजही चालू आहे.

दुःख टळले म्हणून रमाबाई आनंदी झाल्या नाहीत. ते अखेरपर्यंत टळलेच नाही. आपण एकट्या नाही, हे त्यांस ख्रिस्ताच्या ठायी उमगले आणि सोसण्यास अर्थ आला. श्रद्धा ज्याची त्याची असते. परंतु गावापासून दूर, परक्या मुलखात संसार मांडणाऱ्या आम्हां मंडळींस या चरित्रातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. आयुष्याचा मोठा काळ परमुलखांत वावरलेल्या या स्त्रीने आपल्या अंतरीचा ठेवा शेवटी मायबोलीतच, तोही सर्वांत साध्या बायांस कळेल अशा शब्दांत ठेवून दिला.