संत फ्रान्सिस झेवियर : मुलांचे गुरु व रोग्यांचे सोबती

पूर्वेकडील देशांचे प्रेषित म्हणून ज्यांचें नांव जगभर गाजत आहे, ज्यांचा देह जुन्या गोव्यांतील बों जेजू मंदिरांत विसावला आहे आणि ज्यांचा सण प्रतिवर्षीं ३ डिसेंबर रोजीं आपण भक्तिभावानें पाळतों, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचें चरित्र आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. परंतु चरित्रकार बहुधा त्यांच्या लांबच्या प्रवासांचीं, वादळांचीं व चमत्कारांचीं वर्णनें करितात. या स्मरणिकेच्या निमित्तानें आम्हीं त्यांच्या चरित्राची एक निराळी बाजू वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. झेवियर हे लहान मुलांचे गुरु होते. आणि आजाऱ्यांच्या सेवेचा धडा त्यांनीं मुलांस ज्या रीतीनें दिला, ती रीत आपल्या रविवारच्या धर्मशिक्षणवर्गास फार उपयोगाची आहे. पांच वर्षांच्या बालकापासून पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांस एकाच खोलींत बसवून प्रभूनें रोग्यांस बरें केल्याच्या कथा कशा शिकवाव्या, असा प्रश्न ज्यांस पडतो, त्यांनीं तरी हें चरित्र अवश्य वाचावें.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नवार नामक राज्यांत, झेवियर नांवाच्या गढींत झाला. त्यांचे वडील राजदरबारीं मोठ्या अधिकारावर होते. परंतु १५१२ सालीं तें राज्य स्पेनच्या ताब्यांत गेलें, १५१५ सालीं वडील निवर्तले आणि पुढें गढीचे तटही पाडण्यांत आले. असें गतवैभव पाहत वाढलेला हा तरुण १५२५ सालीं मोठ्या आकांक्षा उराशीं धरून पॅरिसच्या विद्यापीठांत गेला. तेथें पीटर फेबर व इग्नेशियस लोयोला यांचा सहवास त्यांस घडला, आणि विद्वत्तेच्या बळावर मानमरातब मिळविण्याची त्यांची इच्छा हळूहळू मावळली. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं मोंमार्त्र टेकडीवर ज्या सात जणांनीं व्रत घेतलें, त्यांत झेवियर हे एक होते.

१५३७ सालीं हे सोबती व्हेनिस शहरीं आले. तेथें असाध्य रोग्यांकरितां एक रुग्णालय होतें. झेवियर यांनीं तेथील रोग्यांच्या जखमा धुतल्या, त्यांचीं अंथरुणें नीट केलीं व मेलेल्यांस मूठमाती दिली. त्याच वर्षीं २४ जून रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. म्हणजे वेदीपुढें उभे राहण्यापूर्वींच ते रोग्याच्या खाटेपुढें गुडघे टेकावयास शिकले होते. ७ एप्रिल १५४१ रोजीं, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, त्यांनीं लिस्बन बंदर सोडलें. वाटेंत मोझांबिक येथें गलबतांचा मुक्काम पडला असतां तेथील आजाऱ्यांची सेवा करतां करतां ते स्वतःही आजारी पडले. अखेर ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास पोहोंचले.

गोव्यांत त्यांनीं राजाच्या रुग्णालयांतच बिऱ्हाड केलें. ते आजाऱ्यांची शुश्रूषा करीत, तुरुंगांतील कैद्यांची विचारपूस करीत आणि रविवारीं शहराबाहेरील कुष्ठरोग्यांकरितां मिस्सा अर्पण करीत. मग हातांत लहानशी घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्यांतून फिरत आणि मुलांस व गुलामांस प्रार्थना शिकण्यास बोलावीत. रुग्णालयाजवळच्या मरियामातेच्या मंदिरांत अशीं तीनशेंहून अधिक मुलें जमूं लागलीं. हा वर्ग रुग्णालयाच्या दाराशीं भरे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. शिकणें व सेवा करणें यांमध्यें झेवियर यांनीं भिंत उभारली नव्हती.

त्याच वर्षीं पावसाळा सरल्यावर ते दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर, तुतिकोरीनकडे गेले. तेथील परवर लोकांस बाप्तिस्मा मिळून कांहीं वर्षें लोटलीं होतीं, परंतु त्यांस धर्म शिकविणारा कोणी नव्हता. झेवियर यांस तमिळ भाषा येत नव्हती. म्हणून दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसांच्या साह्यानें त्यांनीं मोठ्या कष्टानें प्रार्थनांचें भाषांतर करवून घेतलें व तें तोंडपाठ केलें. नंतर पुन्हा ती घंटा वाजूं लागली. दिवसांतून दोनदां मुलें जमत. रविवारीं स्त्रीपुरुष, थोरलीं व धाकटीं सर्व एकत्र येत. झेवियर प्रेषितांच्या विश्वासांगीकाराचें एक एक वचन उच्चारीत व सर्व जण तें मागून म्हणत. प्रत्येक वचनानंतर ते विचारीत कीं, यावर तुमचा विश्वास आहे काय. आणि सर्व जण हात छातीवर क्रूसाप्रमाणें ठेवून होकार देत. शिकलेलें घरीं आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवावें, अशी मुलांस आज्ञा असे.

आतां या चरित्रांतील मुख्य गोष्ट सांगतों. आजाऱ्यांच्या घरून झेवियर यांस इतकीं बोलावणीं येत कीं एका माणसास सर्वत्र जाणें केवळ अशक्य झालें. अशा वेळीं दुसऱ्या कोणी एक दोन ठिकाणीं जाऊन बाकीच्यांस नाहीं म्हटलें असतें. झेवियर यांनीं मुलांस पाठविलें. ज्यांस प्रार्थना येत होत्या अशीं मुलें आजाऱ्याच्या घरीं जात, घरच्या माणसांस व शेजाऱ्यांस गोळा करीत, विश्वासांगीकार सर्वांसह पुनःपुन्हा म्हणत आणि रोग्यास धीर देत. त्या घरच्या लोकांच्या, शेजाऱ्यांच्या व रोग्यांच्या श्रद्धेमुळें देवानें अनेकांस देहानें व आत्म्यानें बरें केलें, असें झेवियर यांनीं आपल्या पत्रांतून कळविलें आहे.

या रीतीचा थोडा विचार करूं. मुलें एका वयाचीं नव्हतीं, तरी वर्ग मोडला नाहीं. कारण वचन आंखूड होतें, तें स्वभाषेंत होतें आणि त्यास हातांची खूण जोडलेली होती. अगदीं लहान मूल हात छातीवर ठेवी व सूर धरी. मधल्या वयाचें मूल शब्द पाठ करी. थोरलें मूल अर्थ समजे व पुढें होऊन इतरांस म्हणावयास लावी. शिवाय प्रत्येकास कांहीं तरी काम होतें. झेवियर यांनीं या कामाची पैशानेंही तजवीज केली. पोर्तुगालच्या राणीच्या पादत्राणांकरितां म्हणून या किनाऱ्यावरून वसूल होणारी ४,००० फणमांची रक्कम त्यांनीं धर्मशिक्षकांच्या पोषणाकरितां मागून घेतली.

पुढें ते मलाक्का व मलुकू बेटांस गेले. अंबोन येथें त्यांनीं स्पॅनिश आरमारांतील आजारी खलाशांची सेवा केली. १५४८ सालीं ते आपल्या वसईसही येऊन गेले. १५ ऑगस्ट १५४९ रोजीं त्यांनीं जपानच्या भूमीवर पाय ठेविला. या थोर पुरुषाच्या कार्यांत त्यांच्या काळाचे दोषही होते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. किनाऱ्यावरील मुलांकरवीं त्यांनीं मूर्तींचा भंग करविला, ही गोष्ट आज आपण मुलांस अनुकरणीय म्हणून सांगणार नाहीं. शेजारच्या हिंदु अगर मुसलमान घरांतील रोगीही आपला शेजारीच आहे, हें आपल्या मुलांस कळलें पाहिजे.

चीन देशांत शिरण्याच्या आशेनें १५५२ सालीं झेवियर शांगच्वान नामक ओसाड बेटावर येऊन राहिले. तेथें त्यांस तापानें गांठलें. ज्यांनीं सहस्रावधि रोग्यांपाशीं प्रार्थना केली, त्यांच्या स्वतःच्या रोगास मात्र उतार पडला नाहीं. ३ डिसेंबर १५५२ रोजीं पहाटे, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. त्या वेळीं त्यांच्या उशाशीं अंतोनियो नांवाचा एक चिनी तरुण होता. गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयांत शिकून तो तयार झाला होता. रोग्यांकडे मुलांस धाडणाऱ्या या गुरूच्या अंतकाळीं एका विद्यार्थ्यानेंच त्यांस सोबत दिली.

या प्रसंगाकडे आम्ही धर्मशिक्षकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. प्रभूनें आंधळ्यांस दृष्टि दिली, याइराच्या मुलीस उठविलें, या कथा सांगून झाल्यावर एखादें मूल विचारतें कीं, आम्हीं इतकी प्रार्थना करूनही आमची आजी कां गेली? हा प्रश्न टाळूं नये आणि त्या मुलाच्या श्रद्धेंत उणीव होती असें तर चुकूनही सुचवूं नये. झेवियर यांनीं कित्येकांस बरे होतांना पाहिलें व कित्येकांस स्वहस्तें पुरलें. तरी रोग्याच्या दारीं जाणें त्यांनीं सोडलें नाहीं. बरें करणें देवाच्या हातीं आहे. रोग्यास एकटें न टाकणें मात्र आपल्या हातीं आहे. एवढें एक सत्य मुलाच्या मनांत रुजलें, तर तो धडा सफळ झाला असें समजावें.

वर्गांत एक थोरलें, एक मधलें व एक धाकटें अशीं तीन तीन मुलें एकत्र करावीं. पक्षाघाती माणसास चौघांनीं छपरांतून खालीं सोडल्याची कथा त्यांच्याकडून करून दाखवावी. धाकट्यास खाटेवर निजवावें व थोरल्यांनीं चादरीचे कोपरे धरावे. नंतर धर्मगुरूंस व घरच्यांस विचारून प्रत्येक तुकडीस आपल्या धर्मग्रामांतील एक आजारी किंवा वृद्ध व्यक्ति नेमून द्यावी. रोग संसर्गजन्य असल्यास दारांतूनच प्रार्थना करावी. धाकट्यानें आपण काढलेलें चित्र द्यावें, मधल्यानें प्रार्थना सांगावी, थोरल्यानें औषध वेळेवर घेतलें कीं नाहीं याची चौकशी करावी. कारण रुग्णालयांत राहून प्रार्थना शिकविणाऱ्या संतानें औषध व प्रार्थना यांत कधीं वैर मानलें नाहीं. थोडा वेळ बसून परत यावें आणि पुढच्या आठवड्यांत पुन्हा जावें.

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या वर्षीं मंदिर सजेल, मिरवणूक निघेल व भोजनें होतील. तीं सर्व शोभिवंत व्हावींत. परंतु त्याबरोबरच आपलीं मुलें कांहीं आजाऱ्यांच्या दारीं जाऊन उभीं राहिलीं, तर गोव्याच्या रस्त्यांवर वाजलेली ती लहानशी घंटा आपल्याही गांवांत वाजली, असें आम्ही समजूं. संत फ्रान्सिस झेवियर आपल्या मुलांकरितां व आपल्या रोग्यांकरितां परमेश्वराजवळ विनंति करोत.