शस्त्रे जमविणारा दिवाण : नवाब सालारजंग तिसरे

हैदराबादेचे सालारजंग संग्रहालय दाखवीत असता, शस्त्रांच्या दालनात आमच्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की, या नवाबसाहेबांनी एकंदर किती लढाया मारल्या? तलवारी, खंजीर, ढाली, चिलखते आणि बंदुका यांनी भरलेली ती कपाटे पाहून असा प्रश्न सुचणे साहजिकच होते. ते सेनापती नव्हते, दिवाण होते, आणि दिवाणगिरीही त्यांनी लवकरच सोडून दिली, असे आम्ही सांगितले. ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्या मुलाला तेव्हा जे नीट सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहोत.

मीर युसुफ अली खान हे सालारजंग घराण्यातील तिसरे. त्यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यास झाला. जन्मानंतर महिना भरण्याच्या आतच त्यांचे वडील, दुसरे सालारजंग, वारले. आजोबा पहिले सालारजंग. त्यांनी १८५३ पासून १८८३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, निजामाच्या राज्याची दिवाणगिरी केली व विस्कटलेल्या कारभाराची घडी बसविली. कलावस्तूंची आवड मूळची त्यांचीच. बुरख्याआडून चेहरा दिसावा अशी जी रिबेकेची संगमरवरी मूर्ती पाहून प्रेक्षक थक्क होतात, ती त्यांनी १८७६ साली रोम येथे खरेदी केली होती.

महाराजा किशनप्रसाद यांच्यानंतर १९१२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, युसुफ अली खान सातव्या निजामाचे दिवाण झाले. त्या वयात इतरांना पदवीच्या परीक्षेची धास्ती असते! परंतु हे पद त्यांस मानवले नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढची पस्तीस वर्षे त्यांनी एकच काम केले, ते म्हणजे वस्तू जमविणे. त्यांनी लग्न केले नाही. दिवाण देवडी या आपल्या वाड्यात ते राहत. देशोदेशींचे व्यापारी तेथे येत. युरोपातील दलाल जुन्या वस्तूंच्या याद्या पाठवीत. आणि दालनामागून दालन भरत जाई.

शस्त्रे जमविण्याचा छंद जगात अनेकांना आहे, आणि त्याचे स्वतःचे शास्त्र आहे. उदाहरणार्थ, फ्रान्समधील जुनी सहाबारी पिस्तुले घ्या. पॅरिसच्या कासिमीर लफोशे या कारागिराने १८३५ च्या सुमारास एक नवे काडतूस सिद्ध केले. त्याच्या बुडाशी कडेला बारीक खिळा असे. घोडा त्या खिळ्यावर आपटला की आतील दारू पेटे. (आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांस येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांच्या भाषेतून आपल्याकडे आले.) लफोशे यांच्या मुलाने १८५४ साली फिरत्या कोठ्याचे पिस्तूल काढले, आणि १८५८ मध्ये ते फ्रेंच आरमाराने स्वीकारले. श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी अशा पिस्तुलांच्या पोलादावर वेलबुट्टी, पाने, प्राणी कोरीत. आज संग्राहक ती किती दूरवर मारा करीत, हे पाहत नाही. कोरीव रेषा धारदार आहेत की कोणी घासूनपुसून बोथट केल्या, निरनिराळ्या भागांवरील आकडे जुळतात की नाही, हे तो पाहतो. चकाकी आणण्याच्या हौसेने जुने शस्त्र घासणे हे त्याच्या लेखी पाप होय.

आपल्याकडील कारागीरही कमी नव्हते. पोलादावर बारीक ओरखडे काढून त्यांत सोन्याची तार ठोकून बसविण्याच्या कलेस कोफ्तगारी म्हणतात. आणि पोलाद म्हणाल, तर निर्मळच्या दक्षिणेस, गोदावरीपलीकडील कोनासमुद्रम येथे जे पोलाद होई, ते नेण्यासाठी थेट इराणचे व्यापारी येत. इचोड्याच्या रस्त्यावरून निर्मळकडे जाणाऱ्या मुलांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे?

हैदराबादेच्या संग्रहात औरंगजेबाच्या व टिपू सुलतानाच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या तलवारी आहेत, नूरजहानचा रत्नजडित खंजीर आहे. शस्त्रांखेरीज फ्रेंच सामान, चिनी भांडी, घड्याळे, हस्तलिखिते, खेळणी यांचीही गर्दी आहे. नवाबसाहेबांची निवड नेहमीच चोखंदळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. उत्तमाशेजारी सामान्यही पुष्कळ आहे. आणखी एक गोष्ट मनाला बोचते. हा पैसा आला कोठून? तो त्यांच्या जहागिरीतून आला. त्या जहागिरीत अजिंठा होता, तसा कन्नड मुलखातील कोप्पळही होता. नूरजहानच्या खंजिराची किंमत अखेरीस नांगर धरणाऱ्याने दिली, हे त्या कपाटासमोर उभे राहून आम्ही मुलांना सांगितलेच.

२ मार्च १९४९ रोजी नवाबसाहेब वारले. मागे पत्नी नाही, मूल नाही. नातेवाइकांचे हक्क उभे राहिले, आणि पस्तीस वर्षांचा संग्रह वाटण्यांत विखुरला जाणार, अशी भीती निर्माण झाली. लिलावात गेलेली वस्तू पुन्हा सामान्य माणसाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय उघडले. १९५८ मध्ये उच्च न्यायालयामार्फत वारसांशी तडजोड होऊन संग्रह भारत सरकारकडे आला. १९६१ च्या कायद्याने त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविण्यात आले, आणि १९६८ साली मुसी नदीच्या दक्षिण काठावरील नव्या इमारतीत तो हलविण्यात आला. जे वाड्यातील पाहुण्यांपुरते होते, ते अजिंठ्याच्या व कोप्पळच्या शेतकऱ्याच्या नातवंडांनाही तिकीट काढून पाहता येऊ लागले.

त्या दिवशी तासाचे टोले पडण्याची वेळ झाली, तशी सर्व मुले दालने सोडून त्या प्रसिद्ध घड्याळाकडे धावली. त्यातला लहानसा बाहुला बाहेर येऊन घंटा वाजवितो, ते पाहण्यास नेहमीच झुंबड असते. मोजणी केली तेव्हा एक मुलगा कमी भरला. आम्ही शोधीत मागे गेलो. तो शस्त्रांच्या कपाटाशी वाकून, एका मुठीवरील वेलबुट्टी आपल्या वहीत उतरवून घेत होता.