व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण

गोरखीच्या परिसरात वाढलेल्या मराठी माणसाला समुद्र दूरचा; तरी आंग्रे सरदारांच्या नावाने मराठ्यांच्या आरमाराची स्मृती ग्वाल्हेरीतही जागी राहिली. त्या परंपरेचे स्मरण करून देणारे आधुनिक नाव म्हणजे भास्कर सदाशिव सोमण. स्वतंत्र भारताच्या नौदलाचे ते पहिले मराठी सरसेनानी होत.

सोमणांचा जन्म १९१३ सालचा. भारतीयांना आरमारात अधिकारपद क्वचितच लाभे, अशा काळात त्यांनी सेवेस प्रारंभ केला. मार्च १९६१ मध्ये ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका दाखल झाली, तेव्हा ताफ्याचे आधिपत्य त्यांच्याकडे होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी या ताफ्याने सागरी बाजू सांभाळली आणि ‘विक्रांत’ने पश्चिम समुद्रात गस्त घातली.

जून १९६२ मध्ये रामदास कटारी यांच्याकडून त्यांनी नौसेनाध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली. त्या काळी हे पद व्हाइस ॲडमिरलच्या दर्जाचे होते. चीनच्या आक्रमणानंतर सारे लक्ष हिमालयाकडे वळले असताना नौदलासाठी साधने मिळवणे सोपे नव्हते. तरीही १९६४ मध्ये नौदलाच्या विमानदलाचा ‘हंसा’ तळ गोव्यातील दाबोळी येथे आला, आणि १९६५ मध्ये पाणबुड्यांसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला.

त्यांच्या कारकीर्दीची खरी कसोटी १९६५ च्या युद्धात लागली. ‘विक्रांत’ मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी होती. नौदलाने पोरबंदरच्या अक्षांशापलीकडे आक्रमक कारवाई करू नये, असा शासनाचा आदेश आला. सोमणांना तो मान्य नव्हता. त्यांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत आपले म्हणणे नेले, परंतु युद्धाची व्याप्ती वाढू नये या विचाराने आदेश कायम राहिला. सप्टेंबरच्या ७-८ तारखेच्या रात्री पाकिस्तानी युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. हानी अल्प झाली, परंतु नौदलाच्या निष्क्रियतेची टीका सेनापतीच्या वाट्याला आली. मतभेद स्पष्टपणे मांडूनही लोकनियुक्त शासनाची आज्ञा त्यांनी पाळली.

मार्च १९६६ मध्ये ते निवृत्त झाले. १९७१ मध्ये कराचीवरील हल्ला आणि बंगालच्या उपसागरातील ‘विक्रांत’च्या विमानांची कामगिरी देशाने पाहिली. त्या यशाचा मान अर्थातच पुढच्या पिढीचा; पण १९६५ च्या मर्यादांचा धडा त्यामागे होता. सोमणांचे १९९५ मध्ये निधन झाले. आपले मत निर्भयपणे सांगावे आणि निर्णय विरुद्ध गेला तरी शिस्त सोडू नये, हा त्यांच्या जीवनाचा बोध आहे.