वैमानिक जहांगीर टाटा

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डलो नावाचे एक गाव आहे. इ. स. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा ब्लेरियो हा पराक्रमी पुरुष तेथे राहत असे. त्याच गावी एक हिंदी पारशी कुटुंब उन्हाळ्यात मुक्कामास येई. त्या कुटुंबातील एक मुलगा समुद्राच्या वाळूवर उतरणारी विमाने तासन्‌तास न्याहाळीत बसे. पंधराव्या वर्षी त्याला एका विमानात बसून छोटीशी फेरी मारावयास मिळाली आणि आपण वैमानिक व्हावयाचे, हे त्याने मनाशी ठरवून टाकले. हा मुलगा म्हणजेच जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. जे. आर. डी. या तीन अक्षरांनी पुढे ते साऱ्या देशाला परिचित झाले.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी हे टाटांच्या पेढीतील भागीदार आणि आई सुझान फ्रेंच. त्यामुळे त्यांचे बालपण कधी फ्रान्समध्ये, तर कधी मुंबईत गेले. इ. स. १९२५ मध्ये ते टाटांच्या पेढीत उमेदवारी करू लागले. परंतु त्यांचे चित्त आकाशाकडे होते. मुंबईत जुहू येथे विमानविद्या शिकविणारी संस्था निघताच त्यांनी तेथे नाव घातले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हाती वैमानिकाचा परवाना पडला. भारतात दिलेला तो पहिलाच परवाना होता. त्यावर क्रमांक होता १.

त्याच वर्षी आगाखानांनी एक पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास जो हिंदी वैमानिक प्रथम एकट्याने आणि ठरलेल्या मुदतीत करील, त्यास पाचशे पौंड मिळावयाचे होते. मे १९३० मध्ये जहांगीर कराचीहून निघाले. त्याच सुमारास अस्पी इंजिनिअर हा अवघा सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून कराचीच्या दिशेने येत होता.

जिप्सी मॉथ या विमानाची रचना येथे थोडी समजून घेतली पाहिजे. वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नाही. ऊन, वारा, धूळ सारे अंगावर घ्यावयाचे. पुढे चार सिलिंडरांचे एक इंजिन. प्रत्येक सिलिंडरात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण शिरते, प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि त्या जोराने पंखा फिरतो. ही ठिणगी मिनिटाला शेकडो वेळा, नेमक्या क्षणी पडावी लागते. प्लगवर काजळी धरली की इंजिन अडखळू लागते. आमच्या वाटूरला फाट्यावरील कारागीर फटफटीचा प्लग काढून त्यावरील काजळी खरवडताना मी पुष्कळदा पाहिला आहे. फटफटी बंद पडली तर माणूस ती ढकलीत नेऊ शकतो. समुद्रावर किंवा वाळवंटावर उडणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून त्या काळच्या वैमानिकास आपल्या इंजिनाचा मोतद्दारही स्वतःच व्हावे लागे. तेलाचा दाब पाहणे, आवाजातील लहानसा फरक ओळखणे, रोजच्या मुक्कामावर इंजिन तपासणे हे सारे त्याच्याच माथी असे.

ईजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबूकीर येथील विमानतळावर जहांगीर उतरले, तेव्हा अस्पी तेथे अडकून पडलेला त्यांना दिसला. त्याच्या इंजिनाला नवा प्लग हवा होता आणि जवळ जादा प्लग नव्हता. जहांगीरांनी मात्र जादा प्लग बरोबर घेतले होते. आता पाहा, प्रतिस्पर्धी आपण होऊन थांबला आहे. काही न बोलता आपले विमान घेऊन पुढे निघून जावे, तर त्यांना दोष देणारे कोणी नव्हते. शिवाय पुढचा सारा प्रवास त्यांचाही बाकी होता. आपलाच प्लग बिघडला तर काय, ही शंका काही खोटी नव्हती. तरीही त्यांनी आपल्याजवळचा प्लग काढून अस्पीच्या हाती ठेवला. अस्पीनेही पाण्यात पडल्यास तरंगावयास उपयोगी पडणारे आपले जाकीट त्यांना दिले. दोघे आपापल्या दिशांनी उडाले. काही तासांच्या फरकाने अस्पी जिंकला! हाच अस्पी पुढे १९६० मध्ये भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

पारितोषिक गेले, पण जहांगीरांच्या मनात याहून मोठी गोष्ट घोळत होती. विलायतेचे टपाल त्या काळी कराचीपर्यंत विमानाने येई आणि तेथून पुढे आगगाडीने जाई. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने कराची ते मद्रास टपाल विमानाने नेण्याची योजना मांडली आणि जहांगीरांनी ती पेढीतील वडीलधाऱ्यांच्या गळी उतरविली. सरकारने मदत म्हणून एक पैही दिली नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टपालाची थैली घेऊन जहांगीर पस मॉथ विमानातून कराचीहून निघाले. संदेशयंत्र नाही, जवळ होकायंत्र, नकाशा आणि समोर एकच इंजिन. अहमदाबादला पेट्रोल भरून ते दुपारी जुहूस उतरले. तेथून पुढे व्हिन्सेंट दुसऱ्या विमानाने बल्लारीमार्गे मद्रासकडे गेला. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. म्हणून त्या दिवसांत सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. हाताखाली मोजकीच माणसे होती, तरी पहिल्याच वर्षी विमानांनी सुमारे १,६०,००० मैल प्रवास केला आणि टपालाची वेळ चुकू दिली नाही. एका इंजिनावर ही वेळ पाळावयाची म्हणजे रात्री दिव्याच्या उजेडात त्या इंजिनाची किती निगा राखावी लागत असेल, याचा विचार करावा.

या टपालसेवेतूनच इ. स. १९४६ मध्ये एअर इंडिया उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान प्रथम मुंबईहून लंडनकडे झेपावले. १९५३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, तरी अध्यक्षपद जहांगीरांकडेच ठेवले. प्रवासात ते स्वतः टिपणे काढीत. चहाचा रंग कॉफीसारखा दिसला, तरी ते त्यांच्या नजरेतून सुटत नसे. १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले, हे मात्र अनेकांना रुचले नाही.

तोवर इंजिनेही पालटली होती. इ. स. १९५७ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट विमाने आली. त्यांच्या टर्बोप्रॉप इंजिनात तापलेल्या वायूचा झोत पात्यांचे चक्र फिरवितो आणि ते चक्र दंतचक्रांच्या द्वारे बाहेरचा पंखा फिरविते. तेथे ठिणगी मुख्यतः आरंभी लागते. एकदा ज्योत पेटली की ती आपली आपण जळत राहते. काजळलेल्या प्लगची चिंता सरली, परंतु दुसरी आली. वायूची उष्णता प्रमाणाबाहेर वाढली तर आतली पाती खराब होतात. म्हणून इंजिन सुरू करताना वैमानिकाची दृष्टी उष्णतामापकावर खिळलेली असते.

जहांगीरांचा जीव मात्र जुन्या मॉथ विमानांतच गुंतला होता. त्या पहिल्या टपालफेरीस पन्नास वर्षे झाली, तेव्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ हे एका इंजिनाचे जुने विमान घेतले आणि कराचीहून अहमदाबादमार्गे ते पुन्हा जुहूस आले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. पुढच्या वर्षी, २९ नोव्हेंबर १९९३ रोजी, जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जन्मगावी पॅरिस येथेच त्यांचा देह विसावला आहे.