चष्म्याचं दुकान, हजारो वस्तू आणि एक अडकित्ता: दिनकर केळकरांची गोष्ट

फोनमधला कुठलाही फोटो उघडा आणि त्याची माहिती बघा. तारीख, वेळ, कॅमेऱ्याची सेटिंग, लोकेशन चालू असेल तर ठिकाणसुद्धा दिसेल. याला मेटाडेटा म्हणतात, म्हणजे वस्तूबद्दलची माहिती. फोटोच्या बाबतीत त्याचं नाव एक्झिफ. आपण काही टाईप करत नाही, फोन गपचूप लिहून ठेवतो.

आज ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्या काळात असलं काही नव्हतं. तरी त्यांनी एका आयुष्यात इतक्या वस्तू जमवल्या, की त्यांचं तीन मजली म्युझियम झालं. दिनकर गंगाधर केळकर. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. आम्हा वाशीमकरांना पुणे लांब पडतं, पण ही गोष्ट आपल्या घरातल्या फडताळापर्यंत येते, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

केळकरांचा जन्म १८९६ चा. पुण्यात घरचं चष्म्याचं दुकान होतं, तोच व्यवसाय त्यांनी केला. शिवाय ते कवी. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला, आणि मग तो सुटलाच नाही.

त्या काळी जुनं जपायचं म्हणजे काय, तर राजांची नाणी, देवळातल्या मूर्ती, शिलालेख, तलवारी. केळकरांनीही शस्त्रं आणि मूर्ती घेतल्या, पण त्यांची नजर घराच्या आत गेली. दिवे, दौती, कुलपं, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्यं, कोरीव दारं, अंघोळीच्या वेळी टाचा घासायच्या वज्री. होय, टाच घासायची वज्रीसुद्धा! मोर आणि हत्तीच्या आकाराच्या पितळी वज्री बघितल्या की कळतं, कोण्या कारागिराने पायाच्या मळासाठीही किती जीव लावला होता.

हे सगळं घरबसल्या मिळालं नाही. ते देशभर फिरले, गावोगावी गेले, लोकांच्या माळ्यांवर आणि मोडीच्या ढिगात शोधलं. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्याबरोबर होत्या. १९६० पर्यंत संग्रह साधारण १५,००० वस्तूंवर गेला होता. हिशेब करा: चाळीस वर्षांत १५,००० म्हणजे वर्षाला ३७५, रोज एकापेक्षा जास्त. दुकान सांभाळून. आपल्याला रोज एक स्क्रीनशॉट नीट फोल्डरमध्ये टाकायचा कंटाळा येतो राव.

यात एक दुःख आहे. केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' तो. खूप लोकांना वाटतं की 'राजा' ही पदवी आहे, केळकर कुठले संस्थानिक होते. तसं नाही. एका मध्यमवर्गीय दुकानदाराने मुलाचं नाव हजारो वस्तूंच्या दारावर लिहिलं. मला या संग्रहातली सगळ्यात मोठी नोंद हीच वाटते.

आता अडकित्ता. संग्रहातला माझा सगळ्यात आवडता भाग. काही जण सरोता म्हणतात. नवीन पिढीतल्या ज्यांनी हातात घेतला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दोन दांडे, एका टोकाला खिळ्याने जोडलेले. एका दांड्याला धारदार पातं, दुसरा बोथट. मध्ये सुपारी धरायची आणि मूठ आवळायची. विज्ञानाच्या पुस्तकात दुसऱ्या प्रकारच्या तरफेचं उदाहरण म्हणून अडकित्ता येतो तो यामुळेच. टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि भार मधे. सुपारी खिळ्यापासून ३ सेंटीमीटरवर असेल आणि हाताचा जोर १५ सेंटीमीटरवर लागत असेल, तर जोर पाचपट होतो. म्हणून दगडासारखी सुपारी म्हाताऱ्या आजीच्या हातानेही कट्‌दिशी फुटते. खिळा सैल झाला की पातं बाजूला सरकतं आणि बोट कापतं, त्यामुळे सगळी कारागिरी त्या एका खिळ्यात.

पण लोहाराने किंवा तांबटाने तिथे थांबायचं ना? नाही. केळकरांच्या संग्रहातले अडकित्ते पक्ष्यांच्या, घोड्यांच्या, स्त्री-पुरुषांच्या जोडीच्या आकाराचे आहेत. जोडीचा अडकित्ता मिटला की दोघं जवळ येतात. लग्नात, पानसुपारीच्या बैठकीत तो चारचौघांपुढे यायचा, म्हणून हा नखरा.

अमेरिकेत घडीचे खिशातले चाकू जमवणारे असेच वेडे लोक आहेत. तिथला केस नावाचा जुना ब्रँड बघा. पात्याच्या मुळाशी कंपनीचा शिक्का असतो. १९७० साली त्यांनी शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एक ठिपका कमी केला. म्हणजे सात ठिपके दिसले तर चाकू १९७३ चा. त्यांच्या मॉडेल नंबरमध्येही माहिती भरलेली असते: ६२५४ मधला ६ म्हणजे मुठीसाठी वापरलेलं कोरीव हाड, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे त्या चाकूची घडण. कंपनीने मेटाडेटा लोखंडातच ठोकून ठेवला! तीस वर्षांनी तो चाकू कुणाच्या ड्रॉवरमध्ये सापडला तरी भिंगाने वय कळतं.

आपल्याकडेही वस्तूवर माहिती लिहिलेली असायची, पण ती राजाची. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली इथे राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. दान कोणी दिलं, कुठून दिलं, कोणाला दिलं आणि राज्याचं कितवं वर्ष होतं (३७ वं), सगळं तांब्यावर कोरलेलं. सुमारे १,६०० वर्षांनी आपण ते वाचू शकतो.

अडकित्त्यावर यातलं काहीच नसतं. ना कारागिराचं नाव, ना गाव, ना साल. ती माहिती फक्त घरातल्या माणसाच्या तोंडात असते: हा माझ्या सासूच्या माहेरचा, हा अमुक यात्रेतून आणलेला. ते माणूस गेलं की अडकित्ता फक्त पितळ आणि लोखंड उरतो, आणि मोडीत किलोवर जातो. केळकर हे सगळं वितळायच्या आधी तिथे पोहोचले, हे त्यांचं मोठेपण. 'हे कशाला घेता?' असं लोक म्हणत असतानाच घ्यावं लागतं. सगळ्यांना किंमत कळेपर्यंत भट्टीत गेलेलं असतं.

त्यांनी एक आख्खी वास्तूही वाचवली. कोथरूडच्या मस्तानी महालाचे उरलेले भाग त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. १९६२ मध्ये संग्रहालय रीतसर सुरू झालं आणि १९७५ मध्ये केळकरांनी आपला सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. अशा वस्तूंना परदेशात काय भाव मिळतो हे ऑनलाइन लिलावांच्या साइटवर जाऊन बघा, मग त्यांनी काय दिलं ते कळेल. १९९० मध्ये ते वारले. संग्रहात आज २०,००० पेक्षा जास्त वस्तू आहेत, पण मांडलेल्या साधारण २,५०० च.

आता तुमच्या फोनचं काम. घरात जुना अडकित्ता, पानाचा डबा, कंदील काहीही असेल तर फोटो काढा. एक उघडा, एक मिटलेला, एक खिळ्याचा जवळून. शेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा, कारण फोटोत वस्तूचा आकार कळत नाही. आणि लक्षात घ्या, एक्झिफमधलं लोकेशन फोटो कुठे काढला ते सांगतं, वस्तू कुठून आली ते नाही. ते आजीला विचारायचं. व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि तिला बोलू द्या, मध्येमध्ये तोडू नका. नंतर त्यातली नावं आणि गावं फोटोच्या कॅप्शनमध्ये लिहा.

एक टेक्निकल गोष्ट: व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि लोकेशनही निघून जातं. फॅमिली ग्रुपवर टाकायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

पुण्याला गेलात तर संग्रहालय शुक्रवार पेठेत आहे, बाजीराव रोडच्या आत. अडकित्त्यांचं कपाट घाईत ओलांडू नका. जोडीचे अडकित्ते शोधा आणि त्यांचा खिळा कुठे लपवलाय ते बघा.