पुणे नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रातील अनेक प्रसंग आपल्या समाजात लहानथोरांना मुखोद्गत आहेत. भिडेवाड्यातील मुलींची शाळा, सावित्रीबाईंची खंबीर साथ, अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद आणि सत्यशोधक समाजाची स्थापना हे प्रसंग दर वर्षी जयंतीच्या व्याख्यानांतून सांगितले जातात. याच चरित्रातील एक पर्व मात्र त्या मानाने मागे राहिले आहे. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. आज आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, नगरपरिषदेत बसतात. अनेक पालक त्या निवडणुकांत राबतात. म्हणून या पर्वाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. वडील गोविंदराव यांचा फुलांचा व्यवसाय होता. आई चिमणाबाई जोतीरावांच्या बालपणीच निवर्तल्या आणि सगुणाबाईंनी त्यांचा मातेच्या मायेने सांभाळ केला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. १८४८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी मुलींची शाळा काढली. त्या कार्यापायी त्यांना आणि सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे महार, मांग आदी जातींच्या मुलामुलींसाठी त्यांनी शाळा चालविल्या. १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

जोतीराव चरितार्थासाठी बांधकामाची कंत्राटे घेत आणि दगड, चुना पुरवीत, ही गोष्ट त्यांच्या नगरपालिकेतील कामाकडे पाहताना ध्यानात ठेवली पाहिजे. खाणीत दगड फोडणारा, घमेले वाहणारा, दिवसाच्या मजुरीवर संध्याकाळची चूल पेटविणारा मजूर त्यांनी रोज जवळून पाहिला होता. सार्वजनिक कामाचा पैसा कोठून येतो, कोणाच्या हातून जातो आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीन वर्षांनी सरकारने त्यांची पुणे नगरपालिकेवर नेमणूक केली.

त्या काळची नगरपालिका आजच्यासारखी नव्हती. पुण्यात नगरपालिका १८५७ मध्ये अस्तित्वात आली, परंतु सर्वसामान्य रहिवाशाला मताचा अधिकार नव्हता. सरकार ज्यांना नेमील ते सभासद होत, आणि अशा सभेत अधिकाऱ्यांच्या प्रस्तावाला मान डोलावणे हीच शिष्टाचाराची रीत समजली जाई. पेठांत पाणी किती यावे, कोणत्या गल्लीची सफाई व्हावी, कोणत्या मालावर जकात बसावी, हे प्रश्न तेथे सुटत. ज्यांच्या दारात पाणी येत नसे आणि ज्यांच्या डोक्यावरच्या पाटीला जकात पडे, त्यांचा माणूस मात्र तेथे क्वचितच असे. अशा सभेत एक माळी समाजातील, अस्पृश्यांच्या शाळा चालविणारा, कर्मठांच्या डोळ्यांत सलणारा मनुष्य येऊन बसला. त्याची खुर्ची सरकारच्या मर्जीची होती. त्या मर्जीची परतफेड तो कशी करतो, याकडे अनेकांचे लक्ष असणार.

सभासदत्वाच्या आरंभीच दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. १८७६-७७ च्या त्या दुष्काळात गावेच्या गावे ओस पडली, जनावरे टाचा घासून मेली, आईबापांना पोटची मुले सांभाळणे अशक्य झाले. जोतीराव आणि सत्यशोधक समाजाच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे अशा मुलांसाठी आश्रम उघडला आणि तेथे त्यांच्या जेवणाखाण्याची सोय केली. १८७७ च्या मे महिन्यात जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर आवाहन केले. सभासदाचा मान मिरविण्यात त्यांनी हे दिवस घालविले नाहीत. वसतिगृहाच्या पंगतीत बसून शिकलेल्या आपल्या पिढ्यांना या अन्नछत्राचे मोल निराळे सांगावयास नको.

नगरपालिकेतील त्यांच्या कामाचा एक ठळक पुरावा म्हणजे १८८० च्या जुलै महिन्यात व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना लिहिलेले पत्र. विषय दारूच्या दुकानांचा होता. पूर्वी शहरात दारूचे दुकान विरळा होते, ते आता वस्तीवस्तीत उघडू लागले होते. जोतीरावांचा मुद्दा साधा आणि बिनतोड होता. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी सफाई खात्यावर पैसा खर्च करते आणि दुसरीकडे तेच आरोग्य उद्ध्वस्त करणारी दुकाने शहरात वाढू देते, ही विसंगती त्यांनी समितीपुढे मांडली. नगरपालिका इतर धंद्यांवर कर बसविते, मग या दुकानांवर का बसवीत नाही, असाही त्यांचा प्रश्न होता. केवळ नीतीचा उपदेश करून ते थांबले नाहीत. संस्थेच्या अधिकारात काय करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. या पत्राने शहरातील दारू हटली नाही, कारण अबकारीचे उत्पन्न सरकारला हवे होते. परंतु मजुराच्या घरातील भाकरी दारूच्या दुकानात जाते, ही गोष्ट पालिकेच्या दप्तरात नोंदली गेली.

त्याच सुमारास गव्हर्नर जनरलच्या पुणेभेटीचा प्रसंग आला. स्वागतासाठी आणि मानपत्रासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव मांडण्यात आला. सरकारनियुक्त सभासदांच्या सभेत अशा प्रस्तावाला विरोध होईल, हे कोणाच्या स्वप्नातही नसेल. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा पुण्यातील गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. बत्तीस सभासदांत विरुद्ध मत देणारे ते एकटे निघाले. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला.

या एका मताचे मोल काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. जोतीराव इंग्रजी सत्तेचे आंधळे विरोधक नव्हते. पेशवाईच्या तुलनेत या राज्यात शूद्रातिशूद्रांना विद्येची दारे किलकिली झाली, हे ते मोकळेपणाने मान्य करीत. अनेकांनी त्यावरून त्यांना सरकारधार्जिणे ठरविले. परंतु त्याच सरकारने दिलेल्या खुर्चीवर बसून, त्याच सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला त्यांनी एकट्याने नकार दिला. ज्याने नेमले त्याचे ऋण आणि ज्यांच्यासाठी नेमले त्यांचे ऋण, यांतील दुसरे ऋण त्यांनी मोठे मानले. आरोपाला त्यांनी दिलेले याहून सरळ उत्तर शोधून सापडणार नाही.

तिसरा प्रसंग मंडईचा. पुण्याची भाजी त्या काळी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात विकली जाई. नगरपालिकेने मंडईसाठी भव्य इमारत उभारण्याचे ठरविले. जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी या मोठ्या खर्चास विरोध केला. शहरात प्राथमिक शिक्षणाची एवढी आबाळ असताना लाखोंचा पैसा दगडविटांत घालणे त्यांना मान्य नव्हते. विरोध करणारा मनुष्य स्वतः बांधकामाचा जाणकार कंत्राटदार होता, हे येथे विसरू नये. इमारतींचे त्याला वावडे नव्हते. आधी काय आणि मागाहून काय, याचा क्रम त्याला महत्त्वाचा वाटत होता. येथेही त्यांचे चालले नाही. मंडई बांधली गेली, १८८६ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले.

नगरपालिकेतील अनुभवाचे सार जोतीरावांच्या पुढील लेखनात उतरलेले दिसते. १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शेतकरी समाजातूनही तयार करावेत, महार-मांगांच्या वस्तीसाठी शाळांची तजवीज करावी, अशा मागण्या त्यात होत्या. त्याच निवेदनात एक बारीक मुद्दा आहे. नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, परंतु शाळांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, तो शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली राहावा, असे त्यांनी सुचविले. स्वतः नगरपालिकेत बसलेला सभासद हे सांगत होता. सभेत कोणत्या वर्गाचे वर्चस्व आहे हे त्याने आतून पाहिले होते, आणि त्या वर्गाच्या हाती अस्पृश्यांच्या मुलांची शाळा गेली तर तिचे काय होईल, याचा त्याला अंदाज होता.

१८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शहर आणि खेडे यांच्यातील देवघेवीचा हिशेब येतो. शेतकरी रात्रभर गाडी हाकून भाजीपाला शहरात आणतो, नाक्यावर जकात भरतो, दलालाच्या तावडीत सापडतो आणि प्रसंगी गाडीभाडेही न सुटता रिकाम्या हाताने घरी परततो. शहराच्या दिव्यांचा आणि रस्त्यांचा खर्च अशा जकातीतून निघतो, मात्र त्या शेतकऱ्याच्या गावात शाळा नसते. पालिकेचा जमाखर्च पाहिलेल्या माणसालाच हे चित्र इतके नेमके रेखाटता येते.

राजकीय संस्थांविषयी त्यांचे मत याच अनुभवातून घडले. सार्वजनिक सभा आणि १८८५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सभा या संस्था सर्व लोकांच्या नावाने बोलतात, परंतु त्यांत शेतकरी, कामकरी, अतिशूद्र कोठे आहेत, हा त्यांचा आक्षेप होता. जातिभेदाने दुभंगलेल्या समाजात एकमय लोक निर्माण झाल्यावाचून राष्ट्र म्हणवून घेता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. मात्र केवळ आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे काम झाले, असेही त्यांनी मानले नाही. बाहेरचा समाज शिकलेला नसेल तर आतला प्रतिनिधी एकटा पडतो, हे बत्तीसांच्या सभेत त्यांनी अनुभवले होते. म्हणूनच पैशाचा प्रश्न निघाला की ते शाळेकडे बोट दाखवीत.

नगरपालिकेतून बाहेर पडल्यावरही त्यांचे बोलणे मवाळ झाले नाही. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी दिलेल्या मेजवानीस जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले आणि देशातील खरी प्रजा खेड्यापाड्यांत उपाशी आहे, याची त्यांनी पाहुण्यांना जाणीव करून दिली. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. पुढे पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे ठेवण्यात आले. ज्या इमारतीच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव मिळाले. हा गौरव योग्यच आहे, पण मंडईत जाणाऱ्याने तो विरोधही आठवावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भगवान बुद्ध आणि कबीर यांच्यासह जोतीरावांना गुरू मानले आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला शूद्रांविषयीचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला. बाबासाहेबही १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणूनच गेले आणि तेथे त्यांनी कोणाचीही भीड ठेवली नाही. स्थानिक संस्थेच्या ठरावाचे बळ किती असते, हे महाडने आपल्याला शिकविले आहे. रावबहादूर सी. के. बोले यांच्या १९२३ च्या कायदेमंडळातील ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले, आणि २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो ठराव फिरविला. एका सभेच्या हातवर करण्याने पाणी मिळते आणि एका सभेच्या हातवर करण्याने ते हिरावलेही जाते.

आज राखीव जागांमुळे आपली मुले आणि विशेषतः आपल्या लेकी त्या सभांत बसत आहेत. कमानी, स्वागत समारंभ आणि नामफलक यांचे प्रस्ताव त्यांच्यापुढेही येतात. वस्तीतील अंगणवाडीचे गळके छप्पर आणि वसतिगृहातील मुलांची गरज हे विषय मात्र सूचीच्या शेवटी असतात. अशा वेळी सभागृहात आपण एकटे पडू, या धास्तीने हात वर होतो. तो हात वर करण्यापूर्वी पुणे नगरपालिकेतील त्या एका सभासदाची आठवण ठेवावी, आणि सभागृहाबाहेरच्या आपण सर्वांनी आपल्या प्रतिनिधीला तेथे एकटे पडू देऊ नये. जोतीरावांच्या स्मृतीस आपले अभिवादन याच मार्गाने पोहोचेल.