महात्मा गांधी व बर्फाचा उपचार

नांदेड-लातूरकडील आमच्या विद्यार्थ्यांस बर्फ म्हटला म्हणजे उन्हाळ्यातील गोळाच आठवावयाचा. परंतु हाच बर्फ एका थोर पुरुषाच्या दुखण्यात उपचार म्हणून अंगभर लावला गेला होता. कोविडनंतर, तसेच डेंगू-चिकुनगुन्यासारखे ताप उतरल्यावरही, थकवा व सांधेदुखी आठवडेच्या आठवडे हटत नाही, हा अनुभव आपल्याकडील पुष्कळ घरांस आला आहे. अशा वेळी थंड पाण्याने किंवा बर्फाने शक्ती परत येते, असे सांगणारेही भेटतात. म्हणून महात्मा गांधींच्या चरित्रातील हा भाग आम्ही येथे सादर करीत आहो.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. विलायतेत बॅरिस्टर होऊन ते १८९३ साली दक्षिण आफ्रिकेस गेले. लुई कुने या जर्मन निसर्गोपचारकाचे ग्रंथ वाचून त्यांचा जलोपचारावर विश्वास बसला. त्याची कसोटी १९०२ साली मुंबईत लागली. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल यास विषमज्वर व फुप्फुसाचा दाह झाला. डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचा रस देण्यास सांगितले. गांधींनी ते नाकारले. मुलास ते तीन मिनिटांहून अधिक नाही इतके कटिस्नान घालीत व पाणी मिसळलेला संत्र्याचा रस देत. ताप १०४ अंशांवर गेला, तेव्हा त्यांनी पिळलेल्या ओल्या चादरीत मुलास गुंडाळून वरून घोंगड्या घातल्या. घाम सुटून ताप उतरला. तरी पुरते बरे होण्यास चाळीस दिवस लागले. विशेष हे की, हा गुण पाण्याचा, पथ्याचा, शुश्रूषेचा की ईश्वरकृपेचा, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात ठामपणे सांगितले नाही.

१९१८ साली गांधी स्वतः मरणाच्या दारी पोहोचले. कित्येक लोक हे दुखणे त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाचे समजतात. वस्तुतः ती आमांशाची विकृती होती. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडत असता ते आजारी पडले व पुढे साबरमती आश्रमात अंथरुणास खिळले. रोगाचा जोर ओसरला, परंतु शक्ती येईना व अन्नावर वासना होईना. जलोपचाराने थोडा आराम पडे, पण अंगात बळ भरत नव्हते.

अशा वेळी केळकर नावाचे गृहस्थ त्यांजकडे आले. त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले होते, परंतु पदवी घेतली नव्हती. ते स्वतंत्र व हट्टी स्वभावाचे असून बर्फावर त्यांची अपार श्रद्धा होती. म्हणून गांधींच्या मंडळीत त्यांस बर्फाचे डॉक्टर असेच नाव पडले. गांधींनी त्यांस आपल्या देहावर प्रयोग करू दिला. सर्वांगास बर्फ लावण्यात आला. रोग्याच्या मनात नवी आशा उत्पन्न झाली, भूक लागू लागली व पाच-दहा मिनिटे फिरताही येऊ लागले. केळकरांनी मग कच्ची अंडी घेण्याचा आग्रह केला. तो मात्र गांधींनी मानला नाही.

आता गांधींचा विवेक पाहा. गुण आला हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले; परंतु केळकरांचा बर्फाविषयीचा सर्व दावा मान्य केला नाही. मनास उभारी आली व तिचा परिणाम शरीरावर झाला, एवढेच त्यांचे म्हणणे. पुढे हवापालटास ते माथेरानला गेले. तेथील जड पाणी मानवेना, म्हणून आठवड्याच्या आतच परतले. शेवटी मुंबईस डॉक्टर दलाल यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करवून घेतली. दूध न घेण्याचे त्यांचे व्रत होते. तथापि कस्तुरबांच्या सूचनेवरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. त्यानंतर लवकरच, एप्रिल १९१९ मध्ये, रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह देशभर सुरू झाला.

निसर्गोपचारावरील त्यांचे प्रेम मात्र अखेरपर्यंत टिकले. १९४२ साली पुण्यास आगाखान महालात स्थानबद्ध असता त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले व त्यात कटिस्नान आणि ओल्या चादरीचे विवेचन केले. मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळील उरुळीकांचन येथे काही दिवस राहून त्यांनी ग्रामस्थांस उपचार दिले; तेथील आश्रमाची धुरा पुढे मणिभाई देसाई यांनी वाहिली. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली.

गार पाणी अंगावर पडताच त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, श्वास व नाडी जलद होते, मन तरतरीत होते व वेदना काही काळ बधिर होते. म्हणून रोग्यास बरे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्वरानंतरचा रेंगाळणारा थकवा त्याने निश्चित जातो, असा भक्कम पुरावा अद्याप नाही. आणि हृदयरोग किंवा रक्तदाब असणाऱ्यास बर्फाचे स्नान प्राणावर बेतू शकते. तेव्हा पालकांनी डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा. विद्यार्थ्यांनी गांधींपासून हे शिकावे की, ज्याने आपणांस बरे वाटले त्याचे आभार मानावे, पण जे सिद्ध झाले नाही ते सिद्ध झाले असे दुसऱ्यास सांगू नये.